अर्धवट सुटलेले लंडन आणि बाबासाहेबांची जिद्द

जून महिना उजाडला की नगरच्या कोर्टाच्या आवारात माझ्या टेबलाशी दोन प्रकारची माणसे येतात. ज्यांचा बांध कोरला गेला आहे ती, आणि ज्यांच्या मुलाचा दाखला अडला आहे ती. मागे पाथर्डी तालुक्यातला एक मुलगा असाच आला होता. आईवडील ऊसतोडीला जाणारे, मुलगा पदवीधर. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने त्याला प्रवेश देऊ केला होता. पण एका कार्यालयातून एक कागद वेळेत मिळाला नाही आणि परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत निघून गेली. वर्ष हातचे गेले. आपल्यासारख्यांनी लंडनचे नाव काढावे की नाही, असे त्याने मला विचारले. त्या दिवशी मी त्याला कायदा सांगितला नाही. बाबासाहेबांच्या लंडनची हकीकत सांगितली. तीच आज वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवतो आहे.

ही हकीकत आपल्याला पाठ आहे असे आपण समजतो. जयंतीच्या व्यासपीठावरून बाबासाहेबांच्या पदव्यांचा आकडा दरवर्षी वाढत जातो. कोणी बत्तीस पदव्या सांगतो, कोणी त्याहून पुढे जातो. अशा आकड्यांना टाळ्या पडतात, पण समोर बसलेल्या पोराच्या पदरात काही पडत नाही. ज्याला सगळे पहिल्या झटक्यात साधले असा महापुरुष त्याला आभाळाएवढा दूर वाटतो. खरी गोष्ट वेगळी आहे. लंडनमध्ये बाबासाहेबांचे शिक्षण एकदा अर्ध्यावर सुटले, पैसे अनेकदा संपले आणि प्रबंध परीक्षकांकडून परत आला. एवढे होऊनही त्यांनी हाती घेतलेले पुरे केले. खरा इतिहास एवढा तेजस्वी असताना त्याला खोट्या आकड्यांचे ठिगळ कशाला हवे?

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी, असा करार होता. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले. पण अमेरिकेत शिकून त्यांचे समाधान झाले नाही. इंग्लंडमध्ये बसून हिंदुस्थानचा कारभार कसा चालतो, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे त्यांना मुळातून शिकायचे होते. प्राध्यापक सेलिग्मन यांचे शिफारसपत्र घेऊन १९१६ मध्ये ते लंडनला आले. ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि नोव्हेंबरमध्ये बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, हॉबहाऊस यांच्याकडे समाजशास्त्र, लोवेस डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार असे त्यांचे विषय होते. नुसते अर्थशास्त्र शिकून त्यांनी भागवले नाही. समाज कसा बनतो आणि सत्ता कशी चालते हेही ते शिकत होते.

पण वर्षही नीट पुरे झाले नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली, बडोद्याहून परत येण्याचा हुकूम आला. १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना अभ्यास टाकून निघावे लागले. निघताना त्यांनी जे केले ते प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे चालवता येईल, अशी परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. खिशात पैसा नाही, पुढची वाट दिसत नाही, तरी परतीचे दार त्यांनी बंद होऊ दिले नाही. वकील म्हणून मला हे फार मोठे वाटते. माणूस संकटात असला की त्याचे कागदाकडे दुर्लक्ष होते. बाबासाहेबांचे झाले नाही.

संकट तिथेच थांबले नाही. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीने निघाली होती ती शत्रूच्या पाणतीराने समुद्रात बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेला ग्रंथसंग्रह तळाला गेला. ऑगस्टमध्ये ते मुंबईला पोहोचले आणि करारासाठी बडोद्याला गेले. तिथे काय घडले ते चळवळीच्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. कचेरीतला शिपाई कागद लांबून टाकत होता, राहायला जागा मिळत नव्हती, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोलंबिया आणि लंडन पाहिलेला हा विद्वान एका झाडाखाली बसून रडला. परदेशातल्या पदवीने जात पुसली जात नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. मग पदवी कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी पुढच्या आयुष्याने दिले.

१९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये, म्हणजे त्या काळी ऐषआरामात राहण्याइतका. पण परळच्या पोयबावडीतल्या बी.आय.टी. चाळीत त्यांनी संसार साधाच ठेवला आणि पै पै बाजूला काढली. लंडनच्या परवानगीची चार वर्षे सरत चालली होती. याच काळात जानेवारी १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या मदतीने त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले आणि मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. नेतृत्व चालून येत होते. दुसरा कोणी असता तर त्याने हार गळ्यात घालून घेतले असते. बाबासाहेबांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनची बोट धरली. जवळ स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज. वय एकोणतीस. बायको-मुले मागे चाळीत.

मुदतीच्या आत ते लंडन स्कूलच्या दारात हजर झाले आणि पुढची तीन वर्षे त्यांनी ज्या रीतीने काढली ती वाचताना आजही गळा दाटून येतो. घरमालकीण सकाळी पावाचा एक तुकडा, थोडी माशाची चटणी आणि कपभर बोव्हरिल द्यायची. तेवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाऊन बसत, ते संध्याकाळी दार बंद होईपर्यंत. दुपारच्या जेवणाला पैसे नसत. तिथून इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय अशा फेऱ्या असत. रात्री दहाच्या सुमारास भूक अनावर झाली की पत्र्यावर भाजलेले पापड आणि कपभर दूध. मग पुन्हा पुस्तक. अस्नाडेकर नावाचे त्यांचे खोलीतले सोबती मध्यरात्री जागे होत तेव्हा हे वाचतच बसलेले दिसत. चॉक फार्म भागातल्या १० किंग हेन्रीज रोड या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले.

इकडे रमाईंच्या हाल-अपेष्टांना पारावार नव्हता. संसाराची ओढाताण पत्रांतून लंडनला कळत होती आणि बाबासाहेबांना पाठवायला पैसे नव्हते. लंडनच्या प्रत्येक पदवीत रमाईचा अर्धा वाटा आहे, हे आपण भाषणात म्हणतो. पण घरातली बाई मुलासाठी अर्धपोटी राहते तेव्हा तिची विचारपूस किती जण करतो?

जून १९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचे विकेंद्रीकरण. मे १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. पाठीवरचा मायेचा हात नाहीसा झाला. त्याच जूनमध्ये ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली. काही काळ ते जर्मनीत बॉन विद्यापीठातही गेले. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला.

हा प्रबंध म्हणजे कोरडा अभ्यास नव्हता. रुपयाची किंमत घसरली की वस्तू महागतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला जो नफा दिसतो तो देशाचा नफा नसतो, तो मजुराच्या तोंडातला घास असतो, हे त्यांनी आकडेवारीने मांडले. चलन सरकारच्या मर्जीवर सोडू नये, असा त्यांचा आग्रह होता आणि हिंदुस्थान सरकारच्या चलननीतीवर त्यांनी कडक टीका केली. केन्स यांच्यासारख्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध ते उभे राहिले. आज जामखेड-पाथर्डीचा ऊसतोड कामगार उचल घेऊन निघतो आणि हंगाम संपेपर्यंत महागाई त्याची मजुरी खाऊन टाकते, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या त्या प्रबंधाचा विषय काय होता हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

परीक्षकांना ही टीका रुचली नाही. मार्च १९२३ मध्ये प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. आता हातात पैसे उरले नव्हते. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या सल्ल्याने प्रबंध नव्याने लिहायचे ठरवून एप्रिलमध्ये बाबासाहेब मुंबईला परतले, म्हणजे या वेळीही डी.एस्सी. हातात नसतानाच ते परतले! चाळीच्या खोलीत बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला. भाषा सौम्य केली, निष्कर्ष बदलले नाहीत. तो ऑगस्टमध्ये लंडनला पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. पदरात पडली. डिसेंबरमध्ये लंडनच्या पी.एस. किंग कंपनीने कॅनन यांच्या प्रस्तावनेसह तो ग्रंथ छापला. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९२५ मध्ये, हिंदी चलनाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली.

या पदव्यांचे त्यांनी काय केले? जुलै १९२३ मध्ये ते मुंबई हायकोर्टात वकिलीला उभे राहिले. अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते, म्हणून खालच्या कोर्टातली गोरगरिबांची कामे घेतली आणि शिकवण्या करून घर चालवले. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. १९४२ नंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी तिजोरीतून शिष्यवृत्तीची तरतूद करून घेतली आणि मुलांना परदेशी पाठवण्याची वाट उघडली. एका राजाच्या कृपेवर स्वतःला शिकावे लागले, मुदत संपली तेव्हा अर्ध्यात उठावे लागले. पुढच्या पिढीला ती पाळी येऊ नये म्हणून कृपेच्या जागी त्यांनी हक्क आणला.

आपल्या नगर जिल्ह्याचे आणि या विद्येचे नातेही जुने आहे. इथल्या फॅरारबाईंच्या मिशन शाळेने महात्मा फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा दिली. डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेब हरेगावला महार वतनदारांच्या परिषदेला आले. लंडनला करपद्धतीचा अभ्यास केलेला माणूस आमच्या आजोबा-पणजोबांच्या वतनावरच्या वाढीव जुडीचा हिशेब मांडत होता. त्यांच्या डी.एस्सी.चा उपयोग विलायतेतल्या लोकांना नव्हे, हरेगावच्या माळावर बसलेल्या माणसांना होत होता. परदेशी शिकून आपल्यापासून तुटलेल्या, आडनाव बदलून राहणाऱ्या साहेबांनी हे आठवावे.

आता आजचे पाहू. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये किंग हेन्रीज रोडवरचे ते घर कोट्यवधी रुपयांना विकत घेतले. शेजाऱ्यांचा आणि तिथल्या स्थानिक कौन्सिलचा आक्षेप निघाला, पण २०२० मध्ये स्मारकाला परवानगी मिळाली. आनंदच आहे. पण राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीच्या जागा सगळ्या राज्याला मिळून पंच्याहत्तर! ज्या घरात बाबासाहेब अर्धपोटी शिकले ते घर जपायचे आणि त्यांच्या वाटेने जाणाऱ्या पोराला दाखल्यासाठी खेटे घालायला लावायचे, याला स्मारक म्हणायचे का?

सरकारला जाब विचारूच. पण आपले काय? प्रत्येक तालुक्यात चार वकील, चार शिक्षक मिळून दाखले आणि अर्ज दोन वर्षे आधीपासून तयार करून घेऊ शकत नाहीत का? शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता येईपर्यंत मुलाला फी आणि विमानाचे भाडे उसने देणारा एखादा निधी उभा राहू शकत नाही का? जयंतीला गावोगाव डीजेवर जेवढा पैसा जातो त्याचा दहावा हिस्सा त्याला पुरेल. वेळेवर पाच हजार रुपये देणारा नवल भथेना आपल्या जातीचा नव्हता, धर्माचाही नव्हता. आज आपल्यात नोकरदार आहेत, डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत. भथेना मात्र शोधावा लागतो.

पाथर्डीच्या त्या मुलाने यंदा पुन्हा अर्ज भरायला घेतला आहे. प्रवेश पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवावा, असे पत्र विद्यापीठाला पाठवायचे मी त्याला सुचवले आणि त्याने ते पाठवले. १९१७ मध्ये बाबासाहेबांनी हेच केले होते. वर्ष गेले म्हणून शिक्षण गेले असे समजू नका. परतीची परवानगी लिहून घ्या, मुदत ध्यानात ठेवा आणि त्या मुदतीच्या आत परत जा.

जयभीम!