पानांचं गणित मांडणारा माणूस

मे महिना सरत आला की आमचे आबा अस्वस्थ व्हायचे. बेलापूर पट्टीतलं आमचं भाताचं खाचर नव्या शहराच्या उभारणीत गेलं, पण त्यांच्या अंगातलं जुनं वेळापत्रक काही गेलं नव्हतं. उन्हाळ्याच्या अखेरीस परसात दुधी-शिराळ्याचा मांडव घालायचा आणि पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला धावायचं, हे त्यांचे दोन शौक. नेरूळच्या तिसऱ्या मजल्यावर ना परस, ना ओढा. जमीन नाही, तर शेतकरी कसला, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

अशाच एका दुपारी मी त्यांना श्रीपाद अच्युत दाभोलकरांची गोष्ट सांगितली.

दाभोलकर म्हटलं की आज डॉ. नरेंद्र दाभोलकर आठवतात. श्रीपाद हे त्यांचे थोरले बंधू. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले देवदत्त दाभोलकर हेही याच भावंडांतले. श्रीपादरावांचा विषय गणित. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीला, मौनी विद्यापीठात ते होते. शेती हा काही त्यांच्या शिकवण्याचा विषय नव्हे. पण हा गणिती फळा सोडून वेलीपाशी गेला. पानाचं क्षेत्रफळ किती, त्यावर ऊन किती पडतं, त्या उन्हाचं फळात रूपांतर किती होतं, असे हिशेब तो मांडू लागला. पान हाच खरा कारखाना आणि ऊन हाच कच्चा माल, ही त्यांची दृष्टी. मग जमिनीच्या आकारापेक्षा पानांनी अडवलेलं ऊन महत्त्वाचं ठरतं.

साठच्या दशकात त्यांच्याभोवती ‘प्रयोग परिवार’ जमू लागला. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांची त्यात मोठी साथ होती. या परिवारात गुरू-शिष्य नव्हते. प्रत्येकाने आपल्या बागेत करून पाहायचं, टिपून ठेवायचं आणि जे कळलं ते दुसऱ्याला मोकळेपणाने सांगायचं. फसलेला प्रयोगही सांगायचा, कारण त्यातून दुसऱ्याचा हंगाम वाचतो. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, चांगलं जगता येईल, असा आराखडा त्यांनी मांडला. ‘विपुलाच सृष्टी’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच हा विश्वास आहे. 2001 साली ते गेले.

शहरातल्या माणसालाही त्यांनी वगळलं नाही. माती विकत आणायची नाही, ती घडवायची, हा त्यांचा धडा. पालापाचोळा, उसाचं चिपाड, स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून हलकी, भुसभुशीत माती तयार होते आणि गच्चीवर फार भार न टाकता भाजी पिकते. त्यांच्या वाटेने मुंबईत अनेक गच्च्या हिरव्या झाल्या.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि काही न बोलता खाली गेले. आले ते पोतंभर वाळलेली पानं घेऊन. पानं चुरून त्यांनी शेणाच्या पाण्यात भिजवली, जुन्या क्रेटमध्ये थर दिले, मधूनमधून मूठभर राख टाकली. आईने कुरकुर केली, पण भाजीची देठं मात्र रोज वेगळी ठेवू लागली. पहिल्या वर्षी दुधीची फुलं गळून गेली. पूर्वीचे आबा असते तर जमिनीच्या नावाने उसासा टाकून बसले असते. या वेळी त्यांनी माझ्या मुलीची शाळेची वही मागून घेतली आणि त्यात लिहिलं की बाल्कनीत मधमाशी येत नाही. पुढच्या वर्षी ते पहाटे उठून नरफुलाचा पराग मादीफुलाला हाताने लावायचे. जुलैत दोन दुधी लागले. एक शेजारी गेला, सोबत वहीतली टिपणंही गेली.

त्या दोन दुधींनी गेलेलं खाचर परत आलं नाही, हे आबाही जाणून होते. पण आपण अजून शेतकरी आहोत, एवढं त्यांना पुन्हा वाटू लागलं.

आबा आज नाहीत, वही आहे. मेअखेरीस सोसायटीत पानांचा ढीग पेटवायला कुणी काडी काढली, की मी पोतं घेऊन खाली उतरतो. पाऊस यायला अजून थोडे दिवस असतात. तुमच्या आवारातही असा एखादा ढीग असेलच.