दोन हातांचा एक हात

गोल्फ शिकू पाहणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो काठी धरण्याचा. ही काठी धरण्याची जगात सर्वाधिक रूढ झालेली पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते हॅरी व्हार्डन एका माळ्याचे पुत्र होते. इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर, ग्रूव्हिल येथे ९ मे १८७० रोजी त्यांचा जन्म झाला. १८७८ मध्ये गावालगत गोल्फचे मैदान तयार झाले आणि तेथे खेळाडूंच्या काठ्या वाहता वाहता हा मुलगा खेळ शिकला. पुढे विशीत तो इंग्लंडमध्ये गेला आणि मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीतून व्यावसायिक खेळाडू झाला.

त्या काळी बहुतेक खेळाडू दहाही बोटांनी काठी तळव्यांत आवळून धरीत. त्यामुळे दोन हातांत ओढाताण होई आणि फटक्याची दिशा बिघडे. व्हार्डन यांनी काठी तळव्याऐवजी बोटांत धरली. डावा अंगठा काठीवर ठेवून त्यावर उजव्या हाताचा तळवा आणला आणि उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर टेकवली. त्यामुळे दोन्ही हात एकजीव होऊन फिरू लागले व काठी आवळण्याची गरज उरली नाही. ही पकड त्यांच्या आधी स्कॉटलंडचे हौशी खेळाडू जॉनी लेडले वापरीत असत. ती सर्वदूर पोहोचली मात्र व्हार्डन यांच्या विजयांमुळे आणि १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे.

१८९६, १८९८ आणि १८९९ मध्ये त्यांनी ब्रिटिश ओपन जिंकली. १९०० मध्ये अमेरिकन ओपनही त्यांच्या नावावर जमा झाली. १९०३ मध्ये प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी चौथ्यांदा ब्रिटिश ओपन जिंकली; दुसरे आले ते त्यांचेच बंधू टॉम. त्यानंतर क्षयाचे निदान झाले आणि आरोग्यधामात राहावे लागले.

आजारातून ते उठले, पण उजव्या हाताला कंप सुटू लागला. लांबचे फटके पूर्वीसारखेच अचूक जात. हातभर अंतरावरचा चेंडू खळग्यात घालताना मात्र हात दगा देई. ज्या हातांच्या पकडीने जगाला धडा दिला, त्यांतलाच एक असा बेभरवशाचा झाला. तरीही १९११ आणि १९१४ मध्ये त्यांनी पुन्हा ब्रिटिश ओपन जिंकली. सहा विजेतेपदांचा तो विक्रम आजही अबाधित आहे. १९२० मध्ये, वयाच्या पन्नाशीत, अमेरिकन ओपन त्यांच्या हातून अवघ्या एका फटक्याने निसटली.

२० मार्च १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. नवशिक्याची करंगळी तर्जनीवर टेकवताना प्रशिक्षक आजही त्यांचेच नाव घेतात.