डॉ. इयान डोनाल्ड

सोनोग्राफीला नेताना गर्भार मुलीला तांब्याभर पाणी प्यायला लावतात आणि ती बिचारी बाकावर अवघडून बसते. भरलेल्या मूत्राशयातून पहिल्या महिन्यांतला गर्भ स्पष्ट दिसतो, हे १९६३ साली दाखवून देणारे डॉ. इयान डोनाल्ड आपल्यापैकी थोड्याच भगिनींना ठाऊक असतील.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात, डॉक्टरांच्या घराण्यात झाला. दुसऱ्या महायुद्धात विमानदलात असताना जळत्या विमानातून माणसे बाहेर काढल्याबद्दल त्यांना सन्मानपदक मिळाले. रडार व सोनारची ओळखही तिथलीच.

१९५४ साली ते ग्लासगोला प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. बॉयलरच्या कारखान्यात पोलादातले दोष ध्वनिलहरींनी शोधतात हे कळताच, जुलै १९५५ मध्ये, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून स्वारी रेनफ्रूच्या कारखान्यात हजर! पाण्याच्या गाठीचा प्रतिध्वनी वेगळा, भरीव गाठीचा वेगळा, हे तिथे दिसले. पुढे टॉम ब्राऊन हा तरुण इंजिनियर त्यांना येऊन मिळाला. तरी कित्येकांना हा पोरखेळच वाटे. अशात एका बाईंना जठराचा असाध्य कर्करोग आहे असे ठरले होते. यंत्राने बीजकोशाची मोठी पाण्याची गाठ दाखवली, शस्त्रक्रिया झाली आणि बाई वाचल्या. ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे काम छापून आले.

त्यांच्या हाताखाली काम केलेले डॉ. स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी १९७२ साली कवटी न बनलेला गर्भ, तर १९७५ साली पाठीचा कणा उघडा राहिलेला गर्भ यंत्रावर ओळखला. कण्यातली एवढीशी फट दिसणे कठीण. पण अशा बाळाचे कपाळ लिंबासारखे आत चेपते आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकतो, हे १९८६ साली लंडनच्या डॉक्टरांनी दाखवले. शास्त्रज्ञांनाही उपमा स्वयंपाकघरातल्याच सुचल्या म्हणायच्या! २०११ च्या अमेरिकेतील अभ्यासानंतर अशा काही बाळांवर गर्भाशयातच शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रुळली. बाकीच्या आईबापांपुढे मात्र गर्भ ठेवायचा की नाही, हा जीवघेणा प्रश्न उभा राहतो.

डोनाल्ड श्रद्धाळू ख्रिस्ती होते. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्याला त्यांनी कसून विरोध केला, आणि त्यांचेच यंत्र त्या कामी येताना पाहिले. हे शल्य थोडे नव्हे. स्वतःच्या हृदयावरच्या मोठ्या शस्त्रक्रिया सोसूनही ते काम करीत राहिले. १९ जून १९८७ रोजी ते वारले. आपल्याकडे मुलगी नको म्हणून गर्भाची चाचणी करणाऱ्यांना रोखण्यासाठी महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, तो पुढच्याच वर्षी.