कॅन्सर घराण्यात येतो का, हे शोधणाऱ्या कमल रणदिवे नगरच्या आदिवासी गावांपर्यंत पोहोचल्या होत्या

८ नोव्हेंबर २०२१ ला गुगल उघडल्यावर चष्मा लावलेल्या, मायक्रोस्कोप समोर असलेल्या एका मराठी बाईंचं डूडल दिसत होतं. डॉ. कमल रणदिवे. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी संबंध आहे, हे भारतात सुरुवातीला मांडणाऱ्या संशोधकांपैकी एक.

त्यांचा जन्म १९१७ चा, पुण्यातल्या समर्थ घराण्यातला. वडील दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. कमल हुजूरपागेत शिकल्या. मुलीने डॉक्टर व्हावं आणि लग्नही डॉक्टरशीच करावं, अशी वडिलांची इच्छा. मुलीने दोन्ही केलं नाही. तिने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं आणि १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितात रमणाऱ्या ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी.

एम.एस्सी.साठी त्यांनी विषय निवडला सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. आईबापाकडून पोरांकडे काय जातं, हा प्रश्न तिथूनच त्यांच्या अभ्यासात आला.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करू लागल्या. १९४९ मध्ये पीएच.डी. झाली. खानोलकरांनी त्यांना अमेरिकेला जाण्याचा आग्रह केला. तिथे बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या शरीराबाहेर पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या.

या प्रयोगशाळेची एक गोष्ट आपल्या विषयाशी जोडलेली आहे.

१९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कॅन्सरच्या पेशंटच्या पेशी तिथे वाढवण्यात आल्या. त्या मरेनात, वाढतच राहिल्या. हेला नावाने जगभर गेल्या. पण हेन्रिएटाच्या घरच्यांना वीसेक वर्षं याचा पत्ताच नव्हता. २०१३ मध्ये तर या पेशींचा जनुकीय नकाशा घरच्यांना न विचारताच प्रसिद्ध झाला. म्हणजे माहिती त्यांच्या रक्ताची, पण कळली ती आधी परक्यांना.

इकडे कमलताई भारतात परतल्या आणि इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवर प्रयोग करून कॅन्सर, हार्मोन्स आणि विषाणू यांचा संबंध तपासला. १९६६ ते १९७० त्यांनी या संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारीही सांभाळली. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी करण्यात त्या पुढे होत्या. १९८२ ला पद्मभूषण मिळालं.

मग त्या प्रयोगशाळेबाहेर पडल्या. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा त्यांनी अभ्यास केला. महिला वैज्ञानिक संघटनेमार्फत गावातल्या बायकांपर्यंत आरोग्याची माहिती नेली. हे काम कॅन्सरच्या जनुकांचं नव्हतं. पण प्रयोगशाळेतली माहिती ज्यांच्या शरीराची आहे त्यांच्या दारापर्यंत गेली पाहिजे, हे त्यांनी करून दाखवलं. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

दरम्यान १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि १९९५ मध्ये बीआरसीए-२ ही जनुकं सापडली. यात बिघाड असेल तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. स्तनाचे सगळे कॅन्सर असे आनुवंशिक नसतात, साधारण ५ ते १० टक्केच असतात. पण बिघाड असेल, तर तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा असो वा मुलगी. बिघाड बापाकडूनही येतो, त्यामुळे आत्याचा आजारही तितकाच महत्त्वाचा.

आता आपल्याकडची अडचण बघा. बाईची टेस्ट होते सासरी, रिपोर्ट राहतो सासरच्या कपाटात. पण तो ज्यांना कळायला हवा ते भाऊ, बहिणी, मावश्या असतात माहेरी. त्यात मुलींची लग्नं अडतील या भीतीने विषय दाबला जातो. डॉक्टर पेशंटच्या परवानगीशिवाय नातेवाइकांना सांगत नाहीत. म्हणजे सांगायचं ते पेशंटनेच.

सांगितल्याने काय होतं? पेशंटमध्ये नेमका बिघाड सापडला असेल, तर नातेवाइकांना तेवढाच तपासून घेता येतो. ज्याच्यात तो नाही, त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. ज्याच्यात आहे, त्याची तपासणी लवकर सुरू होते. आणि बिघाड असणं म्हणजे कॅन्सर झालाच, असं नाही.

फोनवर सांगायला जड जात असेल, तर रिपोर्टची झेरॉक्स द्यावी. आधी बोलायला जेनेटिक काउन्सेलर असतात. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. कमलताईंची जुनी संस्थाही आज याच सेंटरचा भाग आहे, खारघरला, ॲक्ट्रेक या नावाने.