अणुभट्टी, आजी आणि डॉ. भाभा

सुट्टीत मी चिंचणीला आजीकडे जातो. तारापूरचे अणुवीजकेंद्र तिथून जवळच. एखाद्या दिवशी तिथे हिरोशिमासारखा बाँब फुटणार, अशी आजीची खात्री. कला शाखेच्या माझीही परवापर्यंत तीच समजूत होती. डॉ. होमी भाभांविषयी वाचायला घेतले आणि ती डळमळली.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. मुलाने इंजिनियर होऊन जमशेदपूरच्या कारखान्यात जावे, ही घरच्यांची इच्छा. केंब्रिजला त्यांनी ती परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली आणि मग मनाजोगत्या भौतिकशास्त्राकडे वळले. १९३९ साली सुट्टीवर आले, युद्ध पेटले, ते इथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. हा माणूस उत्तम चित्रे काढी, पाश्चात्त्य संगीतात रमे. आपल्या शाखेने त्यांना परके का मानावे?

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला त्यांची 'अप्सरा' सुरू झाली. पाण्याच्या हौदात बुडवलेले इंधन, भोवती निळसर प्रकाश. वीज मात्र तिने कधीच केली नाही. ती संशोधनासाठी होती. प्रत्येक अणुभट्टी म्हणजे वीजकेंद्र, हाही एक गैरसमजच.

आता बाँबचे. निसर्गातल्या युरेनियममध्ये सहज भंगणारा २३५ हा प्रकार शेकडा ०.७ इतकाच असतो. बाँबसाठी तो शेकडा नव्वदच्या घरात लागतो. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांना दोन-तीन टक्के पुरतो. शिवाय तिथले पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते म्हणून साखळी चालते. पाणी गेले की साखळी तुटते. म्हणजे भय नाहीच असे नव्हे. साखळी तुटली तरी इंधन तापतच राहते. २०११ साली फुकुशिमात तेच झाले. तिथे उडाला तो हायड्रोजन वायू.

खुद्द भाभांचाही एक अंदाज चुकला. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेचे अध्यक्ष असताना, अणू जोडून मिळणारी ऊर्जा दोन दशकांत काबूत येईल, असे भाकीत त्यांनी केले. अजून त्यातून एकही वीजकेंद्र चालत नाही. मला हे वाचून ते अधिकच जवळचे वाटले.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून ते गेले. तारापूरची वीज १९६९ ची; त्यांनी ती पाहिली नाही.

आजीला मी हे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, की मग चुलीतली राख कुठे टाकतात? वापरलेले इंधन आधी काही वर्षे पाण्यात ठेवतात, एवढे सांगितले. पुढे काय, असे तिने लगेच विचारले. मी अजून वाचतो आहे.