महासागर पार करणाऱ्या इंजिनाचे जनक चार्ल्स लॉरन्स

चार्ल्स लिंडबर्ग यांनी २० मे १९२७ रोजी न्यूयॉर्कहून एकट्याने उड्डाण केले आणि साडेतेहतीस तासांनी ते पॅरिसला उतरले. त्यांच्या विमानाला एकच इंजिन होते. ते वाटेत बंद पडले असते, तर खाली अटलांटिक महासागर होता. या उड्डाणाने लिंडबर्ग यांचे नाव जगभर झाले. ज्या इंजिनावर हे धाडस विसंबून होते, त्याचा पाया घालणारे अमेरिकन अभियंते चार्ल्स लॉरन्स मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसे परिचित झाले नाहीत.

लॉरन्स यांचा जन्म १८८२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेनॉक्स येथे झाला. येल विद्यापीठातून १९०५ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी मोटारनिर्मितीत उमेदवारी केली. पुढे वास्तुकलेच्या शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. पण तेथे त्यांचे मन विमानविद्येतच अधिक रमले. मायदेशी परतल्यावर त्यांनी इंजिननिर्मितीची स्वतःची कंपनी स्थापन केली. त्यांचे सुरुवातीचे दोन सिलिंडरचे इंजिन पहिल्या महायुद्धाच्या काळात ज्या प्रशिक्षण विमानांना बसविण्यात आले, ती केवळ जमिनीवर धावण्यासाठी बनविलेली होती. इंजिनाला कंपही फार होता.

त्या काळी विमानांच्या इंजिनांचे दोन प्रकार प्रचलित होते. एका प्रकारात पाण्याने इंजिन थंड ठेवले जाई. त्यासाठी रेडिएटर, पंप आणि नळ्या यांचे ओझे वाहावे लागे आणि कोठेतरी गळती लागली की उड्डाण संपले. दुसऱ्या प्रकारात सिलिंडरांसह संपूर्ण इंजिनच गरगर फिरत असे. ते हलके असले, तरी वंगण तेल अतोनात लागे आणि फिरत्या वजनामुळे विमान वळविताना वैमानिकाची कसोटी लागे. लॉरन्स यांनी तिसरा मार्ग धरला. आसाभोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सिलिंडर स्थिर बसवायचे, त्यांना धातूचे पातळ पंखे काढायचे आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर ते थंड ठेवायचे, असा हा मार्ग होता. ही कल्पना युरोपात आधीच अवतरली होती. अडचण होती ती मोठ्या शक्तीचे इंजिन तापून निकामी होऊ न देण्याची. लॉरन्स यांनी पोलादी अस्तर असलेले ॲल्युमिनियमचे सिलिंडर वापरले. तीन सिलिंडरच्या इंजिनापासून सुरुवात करून ते नऊ सिलिंडरच्या, २०० अश्वशक्तीच्या जे-१ इंजिनापर्यंत पोहोचले.

या इंजिनाची खरी गरज अमेरिकी नौदलाला होती. १९२२ मध्ये लँगली ही पहिली अमेरिकी विमानवाहू नौका सेवेत दाखल झाली. तिच्या आखूड धावपट्टीसाठी हलके आणि दुरुस्तीला सोपे इंजिन हवे होते. लॉरन्स यांचा कारखाना मात्र लहान होता. मोठ्या कंपन्या पाण्याची इंजिने सोडण्यास तयार नसल्यामुळे नौदलाने राइट एरोनॉटिकल कंपनीवर दबाव आणला. अखेर १९२३ मध्ये राइट कंपनीने लॉरन्स यांचा उद्योग विकत घेतला. दोन वर्षांतच लॉरन्स या कंपनीचे अध्यक्ष झाले.

पुढील सुधारणांचे श्रेय एकट्या लॉरन्स यांना देणे योग्य होणार नाही. तप्त वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा हा या इंजिनाचा दुबळा भाग होता. ब्रिटनमधून आलेले अभियंते सॅम हेरन यांनी झडपेच्या पोकळ दांड्यात सोडियम भरून तिची उष्णता वाहून नेण्याची युक्ती सिद्ध केली. त्यांच्या नव्या सिलिंडरसह व्हर्लविंड जे-५ हे सुमारे २२० अश्वशक्तीचे इंजिन तयार झाले. लिंडबर्ग यांच्या विमानाला हेच इंजिन होते. १९२८ मध्ये चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाहून ऑस्ट्रेलियापर्यंत प्रशांत महासागर ओलांडला, तेव्हाही त्यांच्या विमानाला तीन व्हर्लविंड इंजिने होती.

हवेने थंड होणाऱ्या या इंजिनाच्या विकासाबद्दल लॉरन्स यांना १९२७ या वर्षासाठीचा कॉलिअर करंडक प्रदान करण्यात आला. पुढे राइट कंपनी सोडून त्यांनी पुन्हा स्वतःचा व्यवसाय उभारला. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कंपनीने विमानांना वीज पुरविणारी लहान साहाय्यक जनित्रे बनविली. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले.