नथानियल क्लाइटमन आणि देहांतील घड्याळ

सकाळच्या कवायतींत जड वाटणारें अंग सायंकाळीं मैदानावर मोकळें कां होतें, असा प्रश्न पुष्कळ विद्यार्थ्यांस पडत असेल. त्याच्या मुळाशीं ज्यांच्या संशोधनानें आपणांस नेलें, त्यांपैकीं एक नथानियल क्लाइटमन हे होत.

त्यांचा जन्म १८९५ सालीं, तेव्हांच्या रशियन साम्राज्यांतील किशिनेव्ह शहरीं, यहुदी कुटुंबांत झाला. विसाव्या वर्षीं ते निर्वासित म्हणून न्यूयॉर्क येथें उतरले. पुढें १९२३ सालीं शिकागो विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळवून ते तेथेंच निद्रेचा अभ्यास करूं लागले. प्रयोगाचा जाच ते आधीं स्वतः सोशीत. एकदां तर ते सतत १८० तास जागले!

शरीराची उष्णता पहांटेच्या सुमारास सर्वांत कमी असते व दुपार उलटल्यावर सर्वांत अधिक होते. माणसाची चपळाईहि या उष्णतेच्या मागोमाग चढते व उतरते, असें त्यांस आढळलें. परंतु ही भरतीओहोटी देहाची स्वतःची, कीं केवळ सूर्याच्या व घड्याळाच्या धाकानें होणारी?

हें पाहण्यासाठीं १९३८ च्या जूनमध्यें क्लाइटमन आपला शिष्य ब्रूस रिचर्डसन यास घेऊन अमेरिकेंतील केंटकी प्रांताच्या मॅमथ गुहेंत उतरले. तेथें सूर्यप्रकाश नाहीं, आणि हवा सदैव सुमारें १२ अंशांवर. उंदीर चढूं नयेत म्हणून पलंगाचे पाय डब्यांत ठेविले होते. या अंधारांत त्यांनीं बत्तीस दिवस काढले व २८ तासांचा एक दिवस मानला. (असे सहा दिवस म्हणजे आपला बरोबर एक आठवडा, बालवाचकांनीं गुणून पाहावें.) तरुण रिचर्डसनचें शरीर या नव्या दिवसाशीं लवकरच जुळलें. त्रेचाळीस वर्षांच्या गुरूचें मात्र जुळेना; त्यांची उष्णता चोवीस तासांचाच हट्ट धरून बसली. झोपावयाच्या वेळीं झोप नाहीं, कामाच्या वेळीं डोळे मिटत. गुरूची ही फजितीच मला सर्वांत मोलाची वाटते, कारण देहाचें घड्याळ सहजासहजीं फिरत नाहीं हें तिनेंच दाखविलें.

स्नायूंचें बळ बहुधा सायंकाळीं अधिक असतें, हें पुढें इतरांच्या प्रयोगांनीं दिसून आलें. तथापि नित्य सकाळीं व्यायाम करणाऱ्यांत हा फरक कमी होतो. आणि स्नायूंच्या वाढीस सकाळ कीं सायंकाळ यानें फारसा भेद पडल्याचें आढळलेलें नाहीं.

१९५३ सालीं आपला शिष्य यूजीन ॲसेरिन्स्की याजबरोबर, निद्रेंत डोळे वेगानें हलण्याची अवस्था क्लाइटमन यांनीं जगापुढें मांडली. १९९९ सालीं, १०४ वर्षांचे होऊन, ते निवर्तले.